एडिथबाईचं घुबड

घुबड घरात आलं ते उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून, भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली लपून. कोथिंबीर वर ठेवायची युक्ती संध्याची. बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या तिच्या घरी बाहेरून आलेली पिशवी आधी सासूच्या हाताखालून जायची. आणि सासू, म्हणजे बकुळाबाई, पिशवीत जुनं पुस्तक दिसलं की विचारायच्या, "तू रद्दी विकायला जातेस का आनायला?" बी. ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलेली संध्या मग कोथिंबीर निवडायला बसायची.

खरं तर तिला पुस्तक नकोच असायचं. तिला हवी असायची पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डकवलेली चिठ्ठी. पूर्वीची हौशी माणसं आपल्या पुस्तकांसाठी अशा चिठ्ठ्या मुद्दाम चित्रकाराकडून काढून घेत आणि छापून आणत. वर एखादं चित्र, खाली मालकाचं नाव, की पुस्तक कुणी मागून नेलं तर निदान उघडताना लाज वाटावी. याला बुकप्लेट म्हणतात हे संध्याला कॉलेजात कळलं होतं, आणि लग्नानंतर बदलापुरात आल्यावर त्याचा नाद लागला. तिच्याकडे पंखवाला घोडा होता, आरशात बघणारी मत्स्यकन्या होती, कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहिणारी नायिका होती, आणि मोडलेल्या दातानं लिहीत बसलेला एका गुजराती शेठचा गणपती होता. सगळे एका बिस्किटांच्या डब्यात, टिपकागदांच्या मध्ये, गुण्यागोविंदानं राहत होते.

माल मिळायचा टेकचंदशेठच्या वखारीत. मुंबईतल्या जुन्या घरांमधली पुस्तकं शेवटी तिथे येऊन पडत, मग किलोवर पुढे जात. संध्या नाकाला ओढणी बांधून, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांचे मोजे करून एकेक पुठ्ठा उघडून बघायची. टेकचंदशेठ गल्ल्यावरून म्हणायचा, "भाभी, सब लोग दूध में से मलई ढूँढता है. आप अकेला है जो बोलता है, मलई तुम रखो, मेरे को थैली का लेबल दे दो."

त्या दिवशी एका पुस्तकाची पानं वाळवीनं खाऊन चाळणी केली होती, पण पुठ्ठा शाबूत होता. आत एडिथ हॅरप नावाच्या कुणा बाईची बुकप्लेट. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, अंगावर चुण्याचुण्यांचं वस्त्र अशी ग्रीकांची विद्येची देवी अथेना ग्रंथांच्या राशीवर बसलेली, आणि तिच्या मनगटावर एक घुबड. रेघा इतक्या बारीक की घुबडाचं एकेक पीस मोजून घ्यावं. आणि डोळे असे, की पुठ्ठा इकडे धरा नाहीतर तिकडे, ते तुमच्याकडेच बघणार. संध्यानं तिथेच उभ्या उभ्या मीनलला फोन लावला.

मीनल तिची कॉलेजातली मैत्रीण, आता अंबरनाथच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला बुकप्लेटांचं प्रदर्शन लावायचं हे दोघींनी वर्षभर बोलून ठेवलं होतं. मीनल म्हणाली की हेच मधोमध लावू, आमंत्रणावरही हेच छापू, आणि खाली जाड अक्षरात लिहू, संग्राहक संध्या नरेंद्र भोईर. लग्न झाल्यापासून तिचं नाव छापून आलं होतं ते फक्त पोराच्या लसीकरणाच्या कार्डावर, तेही 'आईचे नाव' या रकान्यात. एडिथबाईचं बघा, शंभर वर्षांनी कॅम्प चारमध्येसुद्धा कुणी तिचं नाव वाचत होतं. संध्याला काही शंभर वर्षं नको होती. वर्धापनदिनाची एक संध्याकाळ पुरे होती.

पण घरी वाळवी आणायची म्हणजे जबाबदारीचं काम. घरात तीन वर्षांचं पोर, प्रज्वल. संध्याला तो झोपला की श्वास चालू आहे ना याची काळजी, जागा असला की तोंडात काय आहे याची. जुन्या पुस्तकांना लावलेल्या खळीत मोरचूद असतो, आणि मोरचूद विषारी, हे वाचल्यापासून तर बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला होता. किडीचा बंदोबस्त करायचा तर पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचा, हे तिला सायबर कॅफेत बसून कळलं होतं. म्हणून अथेना मटारच्या पिशवीशेजारी बर्फात गेली. आणि भारनियमनात फ्रीज बंद पडला तेव्हा, बर्फ वितळून खाली येतंय का बघायला, बकुळाबाईंनी फ्रीजर उघडला.

धुकं विरलं तसे आतून दोन डोळे त्यांच्याकडे बघू लागले.

बकुळाबाईंचं माहेर बारवी धरणाच्या अंगाला, रानालगत. तिथल्या माणसाला घुबड ओळखायला चष्मा लागत नाही. त्या काही किंचाळल्या नाहीत. त्यांनी फ्रीजर लावला, चूळ भरली, पोराला उचलून गॅलरीत नेलं आणि तिथूनच सुनेला हाक न मारता, नुसती टाळी वाजवून बोलावलं.

"ते घुबड कनी आनलं?"

संध्यानं समजावलं, की हे चित्र आहे, ग्रीक लोकांची देवी आहे, घुबड म्हणजे त्यांच्याकडे शहाणपणाची खूण. बकुळाबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या गावी, त्यांनी सांगितलं, घुबडाला पोराचं नाव ऐकू जाऊ देत नाहीत. एकदा नाव त्याच्या कानावर पडलं की ते रात्रीचं झाडावर बसून तेच नाव घेत राहतं, आणि इकडे पोर दिवसेंदिवस वाळत जातं. चित्रातल्या घुबडाला कुठले कान, असं संध्या म्हणाली. त्यावर सासूनं विचारलं, तुझ्या गणपतीच्या फोटोला आहेत ते कुठले कान, त्याला बरं तू अडीअडचणीला सगळं सांगतेस.

मग त्यांनी विचारलं, त्या खाली काय लिहिलंय. संध्यानं सांगितलं की ते एडिथ नावाच्या बाईचं नाव आहे, ज्या बाईचं हे पुस्तक.

"मग ती बाय कुठे हाय आता?"

"आई, ती कधीच गेली असेल. शंभर वर्षं झाली."

"बघ," बकुळाबाई म्हणाल्या.

या तर्कापुढे कुणाचं काय चालणार? नरेंद्र संध्याकाळी अंबरनाथच्या कारखान्यातून आला तेव्हा दोघींनी आपापली बाजू मांडली. नरेंद्रनं आईचं ऐकताना मान डोलावली, बायकोचं ऐकताना मान डोलावली, आणि मग मटार आहे का विचारलं. त्याचा संसार या डोलावण्यावर सुखानं चालला होता.

घुबड घरातून जाईना, म्हणून बकुळाबाईंनी नावाचाच बंदोबस्त केला. नाव कळू द्यायचं नाही तर घ्यायचंच नाही. पूर्वीच्या काळी नजर लागू नये म्हणून लेकराला दगडूधोंडू म्हणत, ते काही वेडे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून प्रज्वलचा धोंडू झाला. धोंडू, दूध पी. धोंडू, चड्डी घाल. पोराला हे नाव फारच आवडलं. 'प्रज्वल' म्हणताना त्याची जीभ अडखळायची, 'धोंडू' कसं घडघडत यायचं. संध्या सुरुवातीला भांडली. मग तिच्या लक्षात आलं, की फ्रीजमधून दही काढताना ती स्वतःसुद्धा पोराला नावानं हाक मारायचं टाळते आहे. विश्वास होता असं नाही. पण उगाच कशाला. एकदा तर तिनं "प्रज्" एवढं म्हणून फ्रीजचं दार लावलं आणि "वल" बाहेर आल्यावर म्हटलं. नशीब, कुणी बघितलं नाही.

त्याच आठवड्यात नर्सरीची मुलाखत होती. संध्या महिनाभर तयारी करून घेत होती. रंग, फळं, पोपट कुठला, आणि 'माय नेम इज प्रज्वल भोईर'. शाळेच्या बाईंनी हसून विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" पोरानं छाती काढली आणि खणखणीत सांगितलं, "माय नेम इज धोंडू."

बाईंनी अर्जाकडे बघितलं, पोराकडे बघितलं, मग संध्याकडे. संध्या म्हणाली की घरी लाडानं म्हणतात. पोर म्हणालं, लाडानं नाही, फ्रीजमध्ये घुबड आहे म्हणून.

प्रवेश मिळाला. बाई म्हणाल्या की मुलाची कल्पनाशक्ती चांगली आहे. पण घरी येताना रिक्षात संध्यानं ठरवलं की आता बस. घुबड ठेवायचं तर घुबडाचं काहीतरी चांगलं लागलं पाहिजे. आणि घराचा जिना चढता चढता तिला ते सुचलं. दारातून आत पाऊल टाकत तिनं सासूला विचारलं, "आई, लक्ष्मीचं वाहन काय हो?"

बकुळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. लक्ष्मी घुबडावरून फिरते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दिवाळीच्या कॅलेंडरवर कोपऱ्यात ते असतंच. फक्त आपल्याकडे ते कुणी बोलून दाखवत नाही, जसं घरातल्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलत नाहीत. त्यांनी फ्रीजर उघडून पुठ्ठा बाहेर काढला, त्यावरचं प्लास्टिक सोडलं, गॅलरीत उजेडात नेला, आणि बराच वेळ बघत राहिल्या. बाई तर बसलेली आहे. खाली कसलीतरी रास आहे. घुबड हातावर आहे. भाला का, असं त्यांनी विचारलं. संध्यानं सांगितलं की पैसाअडका राखायचा म्हणजे हत्यार लागतंच. खोटं बोलताना तिचे कान तापले, पण ते पटलं. हल्ली चोऱ्या किती होतात, असं बकुळाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

संध्याला वाटलं, सुटलो. पुठ्ठा आता उजळ माथ्यानं माळ्यावर डब्यात जाईल. तिला हे सुचलं नाही की ज्या घरात देवाचं चित्र असलेली उदबत्तीची रिकामी पुडीसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, त्या घरात बर्फात राहिलेली लक्ष्मी डब्यात कशी जाईल. संध्या पोराचे कपडे बदलून बाहेर येईपर्यंत अथेना देवघरात होती. डावीकडे बाळकृष्ण, उजवीकडे खंडोबाचा टाक, पाठीशी कुलदेवीचा फोटो. पुढे निरांजन, अगदी पुठ्ठ्याला टेकून. कुंकू लावायला कपाळ शोधलं तर देवीचं कपाळ शिरस्त्राणाखाली झाकलेलं. म्हणून बकुळाबाईंनी ते घुबडाला लावलं होतं.

संध्यानं धावत जाऊन निरांजन मागे सारलं आणि फोटो ठेवायची प्लास्टिकची पिशवी आणून पुठ्ठ्यावर चढवली. देवाला धूर लागू नये म्हणून, असं सांगितलं. सुनेला एवढी भक्ती पहिल्यांदाच फुटली होती, त्यामुळे सासूनं पिशवी राहू दिली. पुढची सगळी हळद प्लास्टिकवर पडली. पण घुबडाच्या कपाळावरचा तो लाल ठिपका पिशवीच्या आत राहिला तो राहिलाच.

आणि मग पाणी आलं.

त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याला सकाळचं पाणी म्हणजे नळाचा नुसता श्वास. उशाला बारवीचं धरण आणि घशाला कोरड, असं तिथे सगळे म्हणायचे. लक्ष्मी देवघरात बसली त्याच्या दुसऱ्याच सकाळी नळातून अशी धार लागली की बादली पाण्याच्या जोरानं सरकली. खरं म्हणजे आदल्या संध्याकाळी नरेंद्र आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांनी प्लंबर आणून खालचा व्हॉल्व्ह बदलून घेतला होता. नरेंद्रनं हे सांगायचा प्रयत्न केला. आईनं त्याला विचारलं, वर्षभर हा प्लंबर कुठे होता, आणि कालच बरी तुम्हाला बुद्धी झाली. नरेंद्रनं मान डोलावली.

समोरच्या सुंदराबाई आधी दर्शनाला आल्या. त्या पहिल्यांदा घुबड म्हटल्यावर उंबऱ्यातच थांबल्या होत्या, पण पाणी त्यांच्याही नळाला आलं होतं. मग खालच्या मजल्यावरच्या आल्या, मग बाजूच्या इमारतीतल्या. भालेवाली लक्ष्मी, असं नाव पडलं. खालचं इंग्रजी काय आहे असं कुणी विचारलं की बकुळाबाई सांगायच्या, परदेशातून आलेली आहे. कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या. एका बाईनं नवस बोलला, कसला ते सांगितलं नाही. संध्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त निरांजन बघत असायची.

एवढ्यात मीनलचा फोन, की आमंत्रणं छापून आली, रविवारी प्लेट न्यायला येते, आणि आता तरी ती पुठ्ठ्यावरून सोडवून ठेव. पुठ्ठ्यासकट ती चौकटीत बसणार नव्हती. मीनल हे पहिल्यापासून सांगत होती. सोडवायची रीत सोपी असते. कोमट पाण्यात पुठ्ठा बुडवायचा आणि वाट बघायची. खळ सुटते, चिठ्ठी आपोआप तरंगून वर येते. घाई करून ओढायचं नाही. पंखवाल्या घोड्याला, मत्स्यकन्येला संध्यानं असंच पोहायला लावलं होतं. पण अथेनाच्या बाबतीत तिचा हात धजत नव्हता. शाई फुटली तर? रेघ पसरली तर? घुबडाचा डोळाच वाहून गेला तर? पुठ्ठा किडीसाठी बर्फात ठेवलाय असं ती मीनलला सांगत राहिली होती, आणि आता तर तो बर्फातही नव्हता.

रविवारी मीनल आली. देवघरापुढे जाऊन तिनं पाहिलं. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण प्लास्टिकच्या पिशवीत, अंगभर हळद, पायाशी बांगड्या आणि अर्धा नारळ. मीनलचे हात आपसूक डोक्याला गेले. ते बकुळाबाईंना जोडल्यासारखे वाटले. त्यांनी तिला प्रसाद दिला.

आता खरं बोलण्यावाचून गत नव्हती. संध्यानं पाटावर बसून सासूला सांगितलं, की आई, ही लक्ष्मी नाही. मी तुम्हाला फसवलं. ही मला अंबरनाथला लावायची आहे, खाली माझं नाव येणार आहे, आणि मला ते फार हवंय. हे शेवटचं बोलताना तिचा आवाज बारीक झाला. बकुळाबाई पोराच्या डोक्याला तेल लावत होत्या. रागावतील, रडतील, सुंदराबाईंना हाक मारतील, यातलं काही झालं नाही.

"ती लक्ष्मी नाय ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी काय एवढी रागीट तोंडाची असते? पन बसवलीय ना मी. तांदूळ वाहिलेत. बसवल्यावर ती जी असेल ती असेल. तशी उचलून नाय देणार. उत्तरपूजा करायची, आनि पान्यात सोडायची. रीत हाय."

पाण्यात. संध्यानं मीनलकडे बघितलं. मीनलनं संध्याकडे बघितलं.

"नदीवर की घरी?" मीनलनं विचारलं.

घुबड घेऊन नदीवर जाणं बरं दिसणार नाही, असं बकुळाबाईंचं मत पडलं. शिवाय हल्ली गणपतीसुद्धा बादलीत बुडवतात. संध्या आत पळाली. तिनं प्लास्टिकचा टब घासला, परत घासला, पाणी कोमट केलं आणि कोपर बुडवून बघितलं, पोराच्या आंघोळीचं बघायची तसं. बकुळाबाईंनी देवीच्या हातावर म्हणून पिशवीवरच दही ठेवलं, अक्षता टाकून पुठ्ठा जरासा उत्तरेला हलवला, चुकलंमाकलं माफ कर म्हणाल्या. मग दही पुसून, पिशवी काढून, दोन्ही हातांनी पुठ्ठा पाण्यात सोडला.

सगळे टबाभोवती बसले. काहीच होईना. पाण्याखालून घुबड बघत होतं. प्रज्वलनं 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून पाण्यात हात घातला, आणि तोंडाकडे नेला, तेव्हा संध्यानं त्याला उचलून बेसिनशी नेऊन मोरचूद मोरचूद करत त्याचे हात तीनदा धुतले, जीभ बाहेर काढायला लावून जिभेचा रंग बघितला. ती परत आली तोवर एक कोपरा सुटला होता. मग दुसरा. खळीचे पांढरे धागे पाण्यात लोंबू लागले. मीनल ओढायला गेली तर बकुळाबाईंनी तिचा हात धरला. देव आपल्या मनानं जातो, ओढायचा नसतो, त्या म्हणाल्या. इतकं बरोबर तर सायबर कॅफेतही लिहिलेलं नव्हतं.

आणि अथेना पुठ्ठा खाली सोडून एकटी वर आली. पाण्यावर पसरून, रेघ न् रेघ शाबूत, दोन्ही डोळे जागच्या जागी. फक्त घुबडाच्या कपाळावर गुलाबी ठिपका. संध्यानं तिला टिपकागदावर पालथी घातली, वर दुसरा कागद, वर पोळपाट, वर वरवंटा, आणि मग ती तिथेच जमिनीवर बसली.

बकुळाबाई पाणी तुळशीला घालायला निघाल्या. संध्यानं मोरचुदाचं सांगितल्यावर ते गॅलरीखालच्या बाभळीला गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळे अंबरनाथला गेले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंखवाला घोडा, मत्स्यकन्या, गणपती ओळीनं लागले होते, आणि मधोमध चौकटीत अथेना. खाली जाड अक्षरात नाव. संध्या ते लांबून बघत होती. जवळ जायला लाज वाटत होती. तेवढ्यात बकुळाबाईंनी मीनलला बाजूला घेतलं, आणि त्या दोघींची काहीतरी घासाघीस सुरू झाली. संध्या कान टवकारून जवळ गेली.

बकुळाबाईंचं म्हणणं असं होतं, की देवी पाण्यात सोडली. उत्तरपूजा झाली. म्हणजे त्यात देवी राहिली नाही. मग राहिलं काय? नुसतं घुबड. आणि त्या घुबडाच्या बरोब्बर पायाखाली यांनी आपल्या सुनेचं नाव लिहून ठेवलंय. मीनल हात जोडून सांगत होती की ते छापलेलं आहे, आता काढता येत नाही. संध्यानं मध्ये पडून, त्या दोघींनाच ऐकू येईल अशा बेतानं सांगितलं, "आई, ते नाव राहू द्या. मला हवंय ते."

बकुळाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्या पदर खोचून चौकटीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी अथेनापुढे थांबून सांगितलं की घुबडाच्या कपाळावरचा हा हातानं दिलेला रंग फार दुर्मीळ आहे, बहुधा चित्रकारावर इथल्या रंगकामाचा परिणाम असावा. मीनलनं छताकडे बघितलं. मग ते म्हणाले, "आणि हा संग्रह आहे सौभाग्यवती सं..." तोच बकुळाबाईंना ठसका लागला. असा ठसका की कुणीतरी पाणी आणलं. तो थांबल्यावर प्राध्यापकांनी पुन्हा सुरुवात केली, आणि ठसक्यानंही. शेवटी ते पुढच्या चौकटीकडे गेले. पण हे तेवढ्यावर संपलं नाही. जो कुणी अथेनापुढे उभा राहून नाव वाचायला तोंड उघडे, त्याच्या पहिल्या अक्षराला बकुळाबाई खोकत. वाचणारे मुलगे, बायका, मीनलचे वरिष्ठ, कुणाचीही गय नाही. मनातल्या मनात वाचणाऱ्यांना मुभा होती. नाव छापलेलं तसंच होतं, सगळे ते वाचत होते, लोक येऊन संध्याला "तुम्हीच का त्या" म्हणत होते, एका मुलीनं तिची सही मागितली. फक्त ते घुबडाच्या कानावर जात नव्हतं.

संध्याला सुरुवातीला शरम वाटली, मग राग आला, मग हसू. नरेंद्र एका कोपऱ्यात मान डोलावत होता, या वेळी कुणासाठी ते कळत नव्हतं.

निघायच्या वेळी खोली रिकामी झाली. मीनल पंखे बंद करत होती. संध्या पोराची चप्पल शोधायला परत वळली तेव्हा तिला दिसलं, की बकुळाबाई अजून चौकटीसमोरच आहेत. आता त्या खोकत नव्हत्या. खोकून खोकून घसा बसला होता. त्या काचेच्या इतक्या जवळ झुकल्या होत्या, की श्वासानं काच धुरकटली होती, आणि पलीकडचं घुबड पुन्हा फ्रीजरमध्ये असल्यासारखं दिसत होतं.

"बकुळा," त्या बसक्या आवाजात घुबडाला सांगत होत्या. "ऐकलंस? बकुळा. आमच्या घरात तेवढं एकच नाव हाय. दुसरं कोनी नाय. घेयाचं तर तेच घे."

संध्या दारातच थांबली. सासूबाईंनी पदरानं काच पुसली, कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि वळल्या. सून उभी आहे हे बघून त्यांनी नुसतं विचारलं, चप्पल मिळाली काय. संध्यानं दाराशेजारची चप्पल उचलून दाखवली. दोघी खाली आल्या.

जिन्याखाली पोर वाचनालयाच्या फाटकावर चढून झोके घेत होतं. ते फाटक जुनं, गंजलेलं, आणि पलीकडे रस्ता. नेहमीच्या वेळी संध्या त्याचं नाव घेऊन अशी ओरडली असती की स्टेशनपर्यंत ऐकू जावं. तिनं तोंड उघडलं. वरच्या खोलीची खिडकी अजून उघडी होती.

"धोंडू," तिनं हाक मारली, "उतर रे खाली. पडशील."